विहिरीच्या काठापासून समुद्राच्या तळापर्यंत

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'पन्नाशीनंतरचे आरोग्य' या विषयावर वीस मिनिटे बोल म्हणून सांगितले होते. गेली पंचवीस वर्षे लातुरात कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून बसते, त्यामुळे तो विषय मला सोपा होता. पण जेवणानंतरच्या सत्रात रक्तदाब आणि साखर यांवर बोलले असते, तर पहिल्या पाच मिनिटांत मागच्या दोन रांगा झोपल्या असत्या. शिवाय आपल्या ग्रुपवर मी माझा एक फोटो टाकला होता. काळा रबरी पोशाख, डोळ्यांवर काच, पाठीवर सिलिंडर. त्यावर आपल्यापैकी एकाने लिहिले, "ट्रॅक्टरच्या ट्यूबमधी कशाला शिरलीस?" आणि मग महिनाभर सगळे विचारत राहिले, ही नांदेडची पोरगी समुद्राच्या तळाशी काय करायली? त्याचे उत्तर आज सगळ्यांसमोर एकदाच देते.

सुरुवात आपल्या पाण्यापासून करते. आपण गोदावरीच्या काठची माणसे. नगिना घाट, गोवर्धन घाट आपण लहानपणापासून पाहिलेले आहेत. विष्णुपुरीचा शंकर सागर भरला की सहलीला तिकडेच जायचो. पण पाणी बघणे वेगळे आणि पाण्यात उतरणे वेगळे. आपल्या वर्गातली गावाकडची मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत पोहायला शिकायची. पाठीला वाळका भोपळा नाहीतर झाकण बंद केलेला पत्र्याचा डबा बांधायचा आणि काका-मामा वरून ढकलून द्यायचे, हीच शिकवणी. आम्हा मुलींना तेवढेही नव्हते. आम्ही काठावर बसून मोजायचो, कोण किती वेळ बुडी मारतो ते.

माझ्या बाबतीत तर काठावर बसणेही १९८४ साली बंद झाले. काहींना आठवत असेल, सहावीच्या वर्गात मी जूनमध्ये पंधरा दिवस उशिरा आले होते. बाईंनी कारण विचारले तेव्हा मी काही बोलले नाही. त्या मे महिन्यात माझा चुलतभाऊ गावच्या विहिरीत बुडाला. तेरा वर्षांचा होता. त्याला थोडेफार पोहता यायचे. त्या दिवशी पाठीला डबा नव्हता आणि काठावर मोठे माणूस नव्हते, एवढेच. त्यानंतर आमच्या घरात पाण्याबद्दल एक नियम झाला, तो कोणी बोलून दाखवला नाही. कोणी पोहायला शिकायचे नाही. आजी नदीवर दर्शनाला गेली तरी आमचा हात सोडायची नाही. आमच्या पिढीतल्या नऊ भावंडांपैकी एकालाही पोहता आले नाही. भीतीपोटी आम्हाला पाण्यापासून लांब ठेवले, आणि त्यामुळे आम्ही सगळेच पाण्यासमोर दुबळे राहिलो. हे मला फार उशिरा उमजले.

पुढे मी लातूरला गेले. २०१६ साल तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले, मी ते घरात पाहिले. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. त्या दिवसांत घरात एका बादलीत तीन कामे व्हायची. पाऊस आला, टाक्या भरल्या, आणि माझ्या डोक्यात एक विचार बसला: पाणी नसताना आपण त्याच्यासाठी रांगेत उभे राहतो, आणि असताना त्याला घाबरतो. ही कसली सोयरीक? दोन वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी लातूरच्या जलतरण तलावात महिलांच्या बॅचला नाव घातले. आई म्हणाली, "माय, आता ह्या वयात पाण्यात जायलीस?" मी म्हटले, "आता नाही तर कधी?" पहिले पंधरा दिवस मी पाइपला धरून उभी होते. माझ्या शेजारी सात वर्षांची पोर सूर मारायची. तिसऱ्या महिन्यात मी रुंदी पार केली, सहाव्यात लांबी.

डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही मालवणला गेलो. लातूर, सोलापूर, कोल्हापूर, मग गगनबावड्याचा घाट उतरून कोकण. वाटेत मिरजेच्या बाजूचा फलक दिसला तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. आपल्याकडचे बरेच लोक गोव्याला जातात आणि मालवण वाटेतच सोडतात. तिथे काय आहे ते सांगते. किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर शिवरायांचा सिंधुदुर्ग आहे. १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. चारही बाजूंनी खारे पाणी, आणि आत तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तिन्हीचे पाणी गोड. लातूरच्या माणसाने त्या विहिरींपाशी दोन मिनिटे उभे राहावेच. गडाच्या भोवतीच्या समुद्रात खडक आहेत, त्यांवर प्रवाळ आहे. तो भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. आणि जवळच तारकर्लीला आपल्या राज्याच्या पर्यटन महामंडळाचे स्कूबा शिकवणारे केंद्र आहे.

आता स्कूबा म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. पाठीवर सिलिंडर, तोंडात रबरी नळी, आणि पाण्याखाली माशासारखे नाही, माणसासारखेच श्वास घेत राहणे. फ्रान्समधल्या झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये श्वास मागेल तेवढीच हवा देणारी झडप बनवली, तिथून हे सुरू झाले. बऱ्याच जणांना वाटते की सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो. नसतो. आपण इथे या मांडवात घेतोय तीच हवा, फक्त दाबून भरलेली. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे पट दाबाने साधारण चोवीसशे लिटर हवा बसते. दवाखान्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर पाहून जे घाबरतात, त्यांनी निर्धास्त राहावे.

पाण्यात उतरण्याआधी दोन गोष्टी शिकवतात. पहिली, खुणा. पाण्याखाली बोलता येत नाही. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त' असा होत नाही, 'मला वर न्या' असा होतो. आमच्यातल्या एकाने आनंदाने अंगठा दाखवला आणि त्याला ताबडतोब वर काढले. आपल्याकडे अंगठा दाखवणे म्हणजे नकार, मोबाइलवर अंगठा म्हणजे होकार, आणि पाण्याखाली अंगठा म्हणजे परतीचे तिकीट.

दुसरी गोष्ट, कान. इथे मला माझ्या धंद्याचे दोन शब्द बोलू द्या. घाट उतरताना कानाला दडे बसतात ना? सहाशे मीटरचा घाट उतरताना हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात कमरेइतके खोल गेले तरी वाढतो. दहा मीटर खोलीवर तर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. कानाच्या पडद्याच्या आत हवा आहे, बाहेर पाणी दाबतेय. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की घशाकडून कानात जाणारी नळी उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. हे दर अर्ध्या-एक मीटरला करायचे, कान दुखायच्या आधी. दुखल्यावर जोर लावला तर पडदा फाटू शकतो. सर्दी असेल तर ही नळी उघडत नाही, म्हणून सर्दीत पाण्याखाली जायचे नाही. पैसे भरले असले तरी नाही.

आणि सगळ्यांत मोठा नियम एकच: श्वास अडवायचा नाही. विहिरीत बुडी मारणाऱ्या आपल्या मुलांना हे उलटे वाटेल, कारण बुडी म्हणजे श्वास कोंडणे. पण सिलिंडरमधून घेतलेली हवा खोलवर दाबलेली असते. ती छातीत कोंडून वर आलात तर ती फुगते, दहा मीटरवरून पृष्ठभागापर्यंत दुप्पट होते, आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून सावकाश आत, सावकाश बाहेर, अखंड.

मी दोरीला धरून उतरले. प्रशिक्षक मालवणचा तरुण मुलगा होता, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने माझे मनगट धरले होते. पहिल्या दोन मीटरवर माझ्या छातीत धडधड इतकी वाढली की मला वाटले, मी अंगठा दाखवणार. मला विहीर आठवली. ज्या पाण्याने माझ्या भावाचा श्वास घेतला, त्याच पाण्यात मी तोंड घालून श्वास घेत होते. एक, दोन, तीन असे मी मोजत राहिले. दहाव्या श्वासाला ऐकू आला तो माझ्याच श्वासाचा आवाज, घागर भरताना येतो तसा बुडबुड. विसाव्याला डोळे उघडून बघितले. खडकावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा होता, आणि त्यांना माझ्याशी काही देणेघेणे नव्हते. मी गोल खूण केली. खाली असताना काचेतून सगळे तिसऱ्या हिश्श्याने मोठे दिसते, त्यामुळे मासा किती मोठा होता हे मी सांगितले तर निम्मेच खरे माना. वर आल्यावर मी बोटीत बसून रडले. नवऱ्याला वाटले डोळ्यांत खारे पाणी गेले. मीही तसेच म्हटले.

त्यानंतर मी रीतसर शिकले. अठरा मीटरपर्यंत जाण्याचे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे यावे लागते. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही अंदमानला गेलो. आपल्याला ते तसे सोयीचे आहे. नांदेडहून रात्रीच्या रेल्वेने हैदराबाद, तिथून विमान. आपल्या आजोबांच्या पिढीला अंदमान म्हणजे काळे पाणी. सेल्युलर जेल १९०६ मध्ये बांधून पूर्ण झाले, सावरकरांना १९११ मध्ये तिथे नेले. आम्ही पहिल्या दिवशी तिथेच गेलो. कोठडीच्या वरच्या झरोक्याकडे बघून मग किनाऱ्यावर गेले की त्या निळ्या पाण्याचा अर्थ बदलतो.

मग बोटीने हॅवलॉक बेटावर. २०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप. राधानगरचा किनारा पांढरा आहे. त्या वाळूतला बराच भाग पोपट मासा तयार करतो. तो प्रवाळाचा खडक चोचीने खरवडून खातो आणि वाळू बाहेर टाकतो. मालवणपेक्षा तिथे पाणी जास्त नितळ. खाली गेल्यावर लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो. माझ्या कपाळावरची लाल टिकली बारा मीटरवर काळपट दिसत होती. दिव्याचा झोत टाकला की तोच खडक लाल, जांभळा, केशरी. आपल्याला भूगोलाच्या सरांनी फळ्यावर खडूने प्रवाळ बेट काढून दाखवले होते. एकदम गोल, मध्ये खारकच्छ. सर आज समोर बसलेत. सर, तुम्ही तेव्हा म्हणालात की प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे, आणि आम्ही मागे हसलो होतो. मी बघून आले. तो प्राणीच आहे. टाचणीच्या टोकाएवढी तोंडे उघडून बसलेला.

या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, तेच त्याला अन्न आणि रंग देते. समुद्र नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापला आणि आठवडे तसाच राहिला की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. फार काळ गेला तर मरतो. मला एक मोठा पांढरा-करडा पट्टा दिसला. मार्गदर्शकाने पाटीवर लिहून दाखवले: २०१६. मी पाण्याखाली ते साल वाचले आणि मला आपली रेल्वे आठवली. पॅसिफिक महासागरात २०१५-१६ मध्ये जो एल निनो होता, त्याच काळात २०१५ चा आपला मान्सून देशभरात चौदा टक्क्यांनी कमी पडला, आणि त्याच तापलेल्या समुद्राने अंदमान-लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे केले. इकडे मांजरा आटली, तिकडे प्रवाळ वाळला. आपण समुद्रापासून चारशे किलोमीटर लांब राहतो म्हणून समुद्र आपला नाही असे समजतो. पण आपल्या ज्वारीवर पडणारा थेंबन् थेंब तिथूनच येतो. समुद्राला ताप आला की कण्हायला लागतो मराठवाडा.

म्हणून जाल तेव्हा दोन गोष्टी पाळा. प्रवाळाला हात लावू नका, पाय तर अजिबात ठेवू नका, तुकडा आठवण म्हणून आणू नका. तो कायद्याने संरक्षित आहे. आणि फोटोसाठी माशांना पाव-बिस्किटे टाकू नका.

आता थोडे माझ्या पहिल्या विषयावर, म्हणजे पन्नाशीवर. ज्यांना दमा आहे, हृदयाचा त्रास आहे, ज्यांच्या कानाचा पडदा फाटलेला आहे, ज्यांना फिट येते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. फॉर्मवर आजार लपवू नये. बाकीच्यांना वय आड येत नाही. पहिल्यांदा प्रशिक्षकाचा हात धरून जायला पोहणे आलेच पाहिजे असेही नाही. विमानाने परतणार असाल तर शेवटचा एक दिवस मोकळा ठेवा. पाण्याखाली रक्तात विरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. सोड्याची बाटली एकदम उघडली की काय होते ते तुम्हाला माहीत आहे. मालवणला जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र बंद, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

शेवटची पाच मिनिटे ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला, त्यासाठी.

२०१६ मध्येच आपल्या राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. आपल्यापैकी कितीजणांच्या शेतात शेततळे आहे? हात वर करा. बघा, निम्मे हात वर आहेत. चांगली गोष्ट आहे, त्या पाण्याने फळबागा वाचल्या. पण त्या तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. तो शेवाळाने निसरडा होतो, आणि उतार तीव्र. आत पडलेले पोर, अगदी पोहता येणारे पोरसुद्धा, वर चढू शकत नाही. विहिरीला निदान पायऱ्या असायच्या, मोटेचा दोर असायचा. दर उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यांतल्या पेपरांत त्या बातम्या येतात, चार ओळींच्या. त्या चार ओळी एका घरात किती वर्षे राहतात, ते मी तुम्हाला सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात, त्यांत लहान मुले फार. त्यावरचा उपाय महाग नाही. तळ्याभोवती कुंपण घाला. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर आत सोडून ठेवा. काठावर ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब टांगा. माझ्या फोटोवर विनोद करणाऱ्याने पहिली ट्यूब द्यावी. बुडणारे माणूस सिनेमातल्यासारखे ओरडत नाही, ते गुपचूप जाते, म्हणून पाण्यात मूल असेल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा. आणि कोणी बुडत असेल तर मागे उडी मारू नका. दोर, ओढणी, साडी, घागर, रिकामा कॅन, हाताला येईल ते फेका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे जातात.

आणि मुलांना पोहायला शिकवा. मुलींना आधी. आपण आज शाळेला काय भेट द्यायची यावर सकाळपासून चर्चा चालू आहे. कमान, पाण्याची टाकी, संगणक, सगळे चांगले आहे. माझी सूचना अशी की आपल्या बॅचने दरवर्षी सहावीच्या वर्गाची उन्हाळ्यातली पोहण्याची फी भरावी. सहावीच का, ते तुम्हाला कळले असेल. शहरातल्या तलावात, शिकवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली, एक महिना. पहिल्या तीन वर्षांची फी मी भरते. पुढे तुम्ही बघा. आणि ज्यांना स्वतःला शिकायचे आहे त्यांनी आजच माझ्याकडे नाव द्यावे. शिकून झाले की पुढच्या डिसेंबरात मालवणला जाऊ. सरांनाही नेऊ. त्यांनी फळ्यावर काढलेले प्रवाळ त्यांना एकदा जवळून दाखवायचे आहे. पाण्यात उतरले नाहीत तरी चालेल, बोटीत बसून आमची हजेरी घ्यावी.

 नावे लिहायची वही दारापाशी ठेवली आहे.